कॉन्क्लेव्ह : पोपच्या निवडीची बंदिस्त सभा

रोमन कॅथलिक चर्चचा प्रमुख, म्हणजेच रोमचा बिशप, निवडण्यासाठी कार्डिनलांची, म्हणजे पोपने नेमलेल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांची, जी कुलूपबंद सभा भरते तिला कॉन्क्लेव्ह म्हणतात. ऐंशी वर्षे पूर्ण न झालेले कार्डिनल तीत मत देतात, दोन तृतीयांश मते मिळवणारा पोप होतो आणि निकाल लागेपर्यंत मतदारांचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेला असतो. पोपपद जवळजवळ दोन हजार वर्षांचे मानले जाते. कुलूप लावण्याचा कायदा मात्र १२७४ चा. ही पद्धत कुणी एकाने बसून आखलेली नाही. तिच्यातला बहुतेक प्रत्येक नियम एखाद्या भांडणानंतर, फजितीनंतर किंवा रक्तपातानंतर केलेला आहे. त्यामुळे आज जो भारदस्त विधी दिसतो तो खरे तर जुन्या तक्रारींचा साठा आहे.

पहिल्या शतकांत रोमचा बिशप तिथले धर्मगुरू आणि लोक मिळून निवडत. इ. स. २३६ च्या निवडीबद्दल युसेबियस हा चर्चचा इतिहासकार सांगतो की, फेबियन नावाचा माणूस गावाकडून आला होता, त्याचे नावही कुणाच्या मनात नव्हते. पण त्याच्या डोक्यावर कबुतर येऊन बसले आणि जमावाने त्यालाच बिशप केले. हे झाले गोड उदाहरण. ३६६ मध्ये दमासस आणि उर्सिनस यांच्या समर्थकांत दंगल पेटली, तेव्हा एका बॅसिलिकेत एका दिवसात १३७ प्रेते सापडल्याची नोंद अम्मियानस मार्सेलिनस या रोमन इतिहासकाराने केली आहे. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. रोमच्या बिशपपदाचा थाट पाहता त्यासाठी माणसे इतकी भांडतात यात नवल नाही, असे त्याचे मत होते. पुढे कधी सम्राटांनी तर कधी रोमच्या सरदार घराण्यांनी आपापली माणसे या पदावर बसवली. त्यावर उपाय म्हणून पोप दुसऱ्या निकोलसने १०५९ मध्ये निवडीचा मुख्य अधिकार कार्डिनल-बिशपांकडे, म्हणजे कार्डिनलांतल्या सर्वांत वरच्या श्रेणीकडे, दिला. ११७९ मध्ये तिसऱ्या लॅटरन परिषदेने सर्व कार्डिनलांना समान मत आणि दोन तृतीयांश बहुमताची अट घातली. त्याआधी ‘बहुमत’ आणि ‘शहाण्यांचे मत’ यांत मोठे कोणते, यावरून एकाच वेळी दोन-दोन पोप उभे राहत.

दोन तृतीयांशांच्या अटीने फूट कमी झाली, पण विलंबाची नवी अडचण उभी राहिली. १२४१ मध्ये रोमचा सत्ताधीश मात्तेओ रोस्सो ओर्सिनी याने कार्डिनलांना सेप्टिझोडियम या पडक्या प्राचीन इमारतीत कोंडले. हाल इतके झाले की एक कार्डिनल तिथेच मेला, आणि निवडून आलेला चौथा सेलेस्टिन अवघ्या काही दिवसांत वारला. खरा कळस मात्र व्हितेर्बोत झाला.

चौथा क्लेमेंट २९ नोव्हेंबर १२६८ रोजी रोमच्या उत्तरेकडील या गावात मरण पावला. रिवाजाप्रमाणे जिथे पोप मेला तिथेच निवडणूक. कार्डिनलांत फ्रेंच आणि इटालियन असे दोन तट होते, आणि कुणीही एक पाऊल मागे घेईना. महिने गेले, मग वर्ष गेले. कार्डिनल आणि त्यांचा लवाजमा पोसायचा खर्च गावावर! अखेर व्हितेर्बोच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पोपच्या वाड्यात कोंडले, जेवण तोडून पाव आणि पाण्यावर आणले, आणि तरीही जमेना तेव्हा वाड्याचे छप्परच उतरवले. ही छपराची गोष्ट नुसती दंतकथा नाही: जून १२७० मध्ये कार्डिनलांनी लिहिलेल्या एका पत्रावर ‘छप्पर नसलेल्या वाड्यातून’ असा ठिकाणाचा उल्लेख आहे. त्यानंतरही वर्षभर काही ठरले नाही. शेवटी सहा जणांच्या समितीवर निर्णय सोपवून १ सप्टेंबर १२७१ रोजी तेओबाल्दो व्हिस्कोंती याचे नाव ठरले. तो कार्डिनल नव्हता, पुरोहितपदाची दीक्षाही त्याला मिळालेली नव्हती, आणि निवड झाली तेव्हा तो धर्मयुद्धाच्या निमित्ताने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर आक्रे इथे होता. इटलीत पोचून, दीक्षा घेऊन, दहावा ग्रेगरी म्हणून पदावर बसायला त्याला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला.

याच ग्रेगरीने १२७४ मध्ये लिऑनच्या परिषदेत व्हितेर्बोच्या गावकऱ्यांचा उपाय चर्चच्या कायद्यात आणला. पोपच्या मृत्यूनंतर दहा दिवस थांबायचे, मग सर्वांनी मध्ये भिंत-पडदा नसलेल्या एकाच दालनात राहायचे; तीन दिवसांत निवड झाली नाही तर दोन्ही वेळच्या जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त पाव, पाणी आणि वाइन. शिवाय रिक्त काळातले पोपच्या खजिन्याचे उत्पन्न कार्डिनलांना बंद. कार्डिनलांना हे अर्थातच मुळीच रुचले नाही. पहिल्याच प्रयोगात, जानेवारी १२७६ मध्ये अरेझ्झो इथे, एका दिवसात पोप निवडला गेला. पण त्याच उन्हाळ्यात पाचव्या एड्रियनने हा कायदा स्थगित केला. मग पुन्हा तेच. १२९२ ते १२९४ अशी सत्तावीस महिने गादी रिकामी राहिली, तेव्हा पिएत्रो दा मोर्रोने या डोंगरात राहणाऱ्या वृद्ध संन्याशाने कार्डिनलांना देवाच्या कोपाची ताकीद देणारे पत्र पाठवले. त्यांनी त्यालाच पोप केले! पाचवा सेलेस्टिन म्हणून त्याला राज्यकारभार काही जमला नाही, पण त्याने कुलपाचा कायदा पुन्हा लागू केला आणि पाच महिन्यांतच राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेल्या आठव्या बोनिफेसने त्याला कैदेत ठेवले, मात्र त्याचा कायदा कायम केला.

पोपांच्या इतिहासातील नवलकथांत पोप जोन नावाच्या स्त्रीची गोष्ट हमखास येते. ती तेराव्या शतकात रचली गेलेली दंतकथा आहे, आणि प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टींपुढे ती फिकीच पडते. १३७८ चेच पाहा. सुमारे सत्तर वर्षे फ्रान्सच्या आव्हिन्यो शहरात राहिलेली पोपची गादी नुकतीच रोमला परतली होती. बाहेर जमाव ‘रोमन पाहिजे, निदान इटालियन तरी’ म्हणून ओरडत होता. आत बहुसंख्य फ्रेंच कार्डिनलांनी घाईघाईने बारीच्या आर्चबिशपला निवडले. पण तो रोमन नव्हता आणि हे लोकांना सांगायची हिंमत कुणाला होईना. जमाव आत घुसला तेव्हा त्यांनी तेबाल्देस्की या जराजर्जर रोमन कार्डिनलला पोपची वस्त्रे चढवून पुढे केले, आणि तो बिचारा ‘मी पोप नाही’ असे सांगत राहिला. खरा निवडलेला सहावा अर्बन इतका तापट निघाला की काही महिन्यांत त्याच कार्डिनलांनी ती निवड दबावाखाली झाली असे जाहीर करून दुसरा पोप निवडला. १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने हा वाद मिटवायला तिसरा निवडला, आणि आधीचे दोघे हटले नाहीत म्हणून तीन झाले. हा गुंता कॉन्स्टन्सच्या परिषदेत सुटला. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी तिथल्या तळ्याकाठच्या व्यापारी गोदामात तेवीस कार्डिनल आणि पाच ‘राष्ट्रांचे’ प्रत्येकी सहा प्रतिनिधी यांनी मिळून पाचव्या मार्टिनला निवडले. कार्डिनल नसलेल्यांनी पोपच्या निवडीत मत देण्याची ती शेवटची वेळ. कार्डिनल नसताना निवडून आलेला शेवटचा पोप मात्र तो तापट अर्बनच. नियमाने आजही कोणताही बाप्तिस्मा झालेला कॅथलिक पुरुष पोप होऊ शकतो.

सिस्टाइन चॅपेलमधली पहिली निवडणूक १४९२ ची, रॉड्रिगो बोर्जा ऊर्फ सहाव्या अलेक्झांडरची. तीत पैसा आणि पदे वाटली गेल्याचा बोभाटा तेव्हाच झाला होता. पुढच्याच वर्षी या अलेक्झांडरने नव्याने सापडलेल्या मुलुखांवर स्पेनचा हक्क मान्य करणारे फर्मान काढले आणि १४९४ मध्ये स्पेन-पोर्तुगालने आपसात जगाची वाटणी केली. पूर्व पोर्तुगालच्या वाट्याला आली. पोपांनी पोर्तुगीज राजाला दिलेल्या पाद्रोआदो या आश्रयाधिकारामुळे गोव्याचे बिशप नेमण्याची सूत्रे पुढे शतकानुशतके लिस्बनच्या हातात राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाद्रोआदोची चर्चे कोणती व थेट रोमच्या अखत्यारीतली कोणती यावरून कडाक्याचे वाद झाले.

सोळाव्या शतकात रोममध्ये पोप कोण होणार यावर सर्रास पैजा लागत. १५९० हे वर्ष सटोडियांना पर्वणीच ठरले असणार, कारण सातवा अर्बन निवडून आल्यावर तेराव्या दिवशी मलेरियाने गेला. सर्वांत अल्पकाळ टिकलेला पोप तोच. त्याच्यामागून आलेल्या चौदाव्या ग्रेगरीने १५९१ मध्ये पोपची निवड आणि पोपचे आयुष्य यांवर पैज लावणाऱ्यांना चर्चमधून बहिष्काराची शिक्षा ठेवली. गुप्त लेखी मतदान पक्के केले ते पंधराव्या ग्रेगरीने, १६२१ मध्ये. मतपत्रिकेवर मतदाराची खूण घडीआड झाकलेली असे, कारण कुणी स्वतःलाच मत दिले नाही ना हे तपासता यावे. १९४५ मध्ये बाराव्या पायस यांनी ही खूण काढून टाकली आणि त्याऐवजी दोन तृतीयांशांवर एक मत जास्त अशी अट घातली. कुणी स्वतःला मत दिलेच तर ते एक मत त्यातून वजा झाल्यासारखे व्हावे, हा हिशेब. हा सगळा खटाटोप कार्डिनलांच्या प्रामाणिकपणाबद्दल चर्चला स्वतःलाच किती भरवसा होता हे सांगून जातो.

स्पेन, फ्रान्स आणि ऑस्ट्रिया या कॅथलिक सत्ता एखाद्या उमेदवारावर नकाराधिकार वापरत. शेवटचा प्रसंग १९०३ चा. कार्डिनल राम्पोल्ला यांची मते वाढत असताना क्राकोचे कार्डिनल पुझिना यांनी ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांची हरकत वाचून दाखवली. सभा संतापली, पण निवड दुसऱ्याचीच झाली. निवडून आलेल्या दहाव्या पायस यांनी दुसऱ्याच वर्षी असा निरोप आणणाऱ्या कार्डिनललाही बहिष्काराचा धाक घालून ही प्रथा मोडली, म्हणजे जिच्यामुळे वाट मोकळी झाली तीच. १९२२ मध्ये बोस्टनचे कार्डिनल ओ’कॉनेल जहाजाने पोचेपर्यंत निवडणूक उरकलेली होती आणि १९१४ मध्येही त्यांच्या बाबतीत असेच घडले होते. त्यांनी केलेल्या तक्रारीवरून अकराव्या पायस यांनी थांबण्याची मुदत दहावरून पंधरा दिवस केली, गरजेप्रमाणे अठरापर्यंत.

सध्याची रीत १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी घालून दिलेल्या नियमांवर चालते. सोळाव्या बेनेडिक्ट यांनी त्यात पुढे दुरुस्त्या केल्या. पोप वारल्यावर किंवा पायउतार झाल्यावर त्याची मुद्रांकित अंगठी निकामी करतात, म्हणजे तिचा शिक्का पुन्हा कुणाला मारता येऊ नये. पंधरा ते वीस दिवसांत मतदार सिस्टाइन चॅपेलमध्ये जमतात, गुप्ततेची शपथ घेतात, आणि समारंभाधिकारी ‘सर्वांनी बाहेर व्हा’ अशा अर्थाची लॅटिन आज्ञा देऊन दार लावतो. दररोज सकाळी दोन आणि दुपारी दोन फेऱ्या. प्रत्येकाने आपले अक्षर ओळखू येणार नाही अशा तऱ्हेने नाव लिहायचे, कागदाची दोनदा घडी घालायची आणि मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ चित्रासमोर वेदीवर ठेवलेल्या पात्रात ती टाकायची. चिठ्ठ्या मतदारांच्या संख्येहून कमी-जास्त भरल्या, तर न उघडता जाळतात. मोजताना प्रत्येक चिठ्ठी ‘मी निवडतो’ या लॅटिन शब्दातून सुई घालून दोऱ्यात ओवतात, आणि मग ती माळ शेगडीत जाते.

काळा धूर म्हणजे निवड झाली नाही आणि पांढरा म्हणजे झाली, ही खूण फार प्राचीन वाटते, पण पांढऱ्या धुराचा संकेत विसाव्या शतकातला, १९१४ चा. ओले गवत घालून धूर काढण्याची पद्धत बेभरवशाची होती. १९५८ मध्ये धुराच्या रंगाने चौकातले लोक आणि रेडिओवाले दोघेही फसले. आता दुसऱ्या शेगडीत रसायने जाळतात: काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक, पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. २००५ पासून जोडीला सेंट पीटर्सच्या घंटाही वाजवतात. निवडलेल्याने होकार देऊन नवे नाव सांगितले की त्याला शेजारच्या लहान खोलीत नेतात. तिथे तीन मापांचे पांढरे झगे तयार असतात. १९५८ मध्ये स्थूल बांध्याच्या तेविसाव्या जॉन यांना त्यांतला एकही नीट बसेना, म्हणून मागून टाचण्या लावून त्यांना गच्चीवर आणावे लागले. स्वतःचेच नाव ठेवणारा शेवटचा पोप म्हणजे १५५५ चा दुसरा मार्सेलस.

ऐंशी वर्षांची वयोमर्यादा सहाव्या पॉल यांनी १९७० मध्ये आणली आणि १९७५ मध्ये मतदारांची कमाल संख्या १२० ठरवली. भारतातील पहिले कार्डिनल, मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस, १९५३ मध्ये नेमले गेले. त्यांचा जन्म कराचीतल्या गोवेकर कुटुंबातला. १९५८ आणि १९६३ च्या निवडणुकांत त्यांनी मत दिले; ऑगस्ट १९७८ मध्ये आजारपणामुळे ते जाऊ शकले नाहीत. फ्रान्सिस यांच्या निधनानंतर ७ आणि ८ मे २०२५ रोजी झालेल्या सभेत १३३ मतदार होते, म्हणजे मर्यादेपेक्षा तेरा जास्त. मर्यादा ओलांडून नेमणुका करतानाच पोपने त्या नियमातून सूट दिली असे समजावे, असा खुलासा कार्डिनलांनी आधीच केला होता. भारताचे चार मतदार होते आणि त्यांत गोवा-दमणचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव हे एक. मुंबईचे ऑस्वल्ड ग्रेशस यांनी आदल्या डिसेंबरात ऐंशी वर्षे पूर्ण केल्यामुळे त्यांना मत नव्हते. जिंकायला ८९ मते लागत होती. चौथ्या फेरीत शिकागोत जन्मलेले आणि पेरूत बिशप राहिलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट निवडून आले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले.