पॉवर ओव्हर इथरनेट

नेटवर्कच्या केबलमधूनच डेटाबरोबर उपकरणाला डीसी वीज पुरवण्याची पद्धत, संक्षेपाने पीओई. आयपी कॅमेरा, वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, आयपी फोन यांना त्यामुळे वेगळा अडॅप्टर लागत नाही. वीज पीओई स्विच, म्हणजे अनेक उपकरणे नेटवर्कला जोडणारी पेटी, देतो. स्विच साधा असल्यास मध्ये इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारे छोटे उपकरण, बसवतात.

स्विच पोर्टवर एकदम वीज सोडत नाही. आधी जेमतेम 10 व्होल्टपर्यंतचा दाब देऊन तो पलीकडे सुमारे 25 किलोओहमचा रोध आहे का, हे पाहतो. तो सापडला की उपकरणाचा वर्ग, म्हणजे विजेची गरज, ठरते आणि मगच 44 ते 57 व्होल्ट सुरू होतात. म्हणून लॅपटॉप चुकून या पोर्टला लावला तरी बिघडत नाही. 24 व्होल्टचे पॅसिव्ह इंजेक्टर मात्र काहीही न तपासता वीज सोडतात. उपकरणाचे व्होल्टेज आणि तारांची जोडणी पाहिल्याशिवाय ते लावू नयेत.

पीओईच्या 802.3एएफ (2003) मानकात पोर्टवर 15.4 वॉट, 802.3एटीमध्ये (2009) 30 वॉट आणि 802.3बीटीमध्ये (2018) 90 वॉटपर्यंत वीज मिळते. उपकरणापर्यंत याहून कमी पोहोचते. एटीचे गणित पाहा: 50 व्होल्टला 0.6 अँपिअर प्रवाह, 100 मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध 12.5 ओहम, तारेत 4.5 वॉट उष्णता होऊन जातात आणि हाती 25.5 उरतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, म्हणजे सीसीए केबलचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ती स्वस्त पडली तरी पीओईसाठी घेऊच नये. जुडग्यात बांधल्यावर तर ती अधिकच तापते.

स्विचचे एकूण बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून तो देऊ शकेल ती वीज, हेही तपासावे. 370 वॉटचा 24 पोर्टांचा स्विच सगळ्या पोर्टांना 15.4 वॉट देऊ शकतो, पण 30 वॉट फक्त 12 पोर्टांना.

दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो, ही नेहमीची तक्रार. इन्फ्रारेड दिवे लागताच प्रवाह वाढतो आणि लांब किंवा हलक्या केबलच्या टोकाला व्होल्टेज पडते. अशा वेळी कॅमेरा बदलण्याआधी तो स्विचजवळ आणून दोन मीटरच्या तांब्याच्या केबलवर लावावा आणि लेन्सजवळचा प्रकाश सेन्सर झाकावा. दिवे लागूनही तो टिकला, तर दोष केबलमध्ये किंवा आरजे-45च्या क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाच्या प्लगमध्ये तारा दाबून बसवण्यात, असतो. इथेही बंद पडला, तर पोर्टची मर्यादा आणि स्विचचे बजेट पाहावे.