लहान मुलांसाठी लोहाचं सिरप: अर्ज लागत नाही, पण यादीत नाव लागतं

‘या योजनेचा फॉर्म कुठे मिळतो?’ असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो, फॉर्म नाही. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप मोफत मिळतं. उत्पन्नाचा दाखला नको, जातीचा नको, रेशनकार्ड पिवळं की केशरी हेही कुणी बघत नाही. मूल या वयाचं आहे, एवढी एकच अट.

मग अडतं कुठे? यादीत. हे सिरप गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताईंकडून येतं, आणि ताई त्यांच्या नोंदीतल्या घरांनाच भेट देतात. बाळंतपणाला माहेरी गेलेली आई, भाड्याची खोली बदललेलं कुटुंब, खासगी दवाखान्यातच लस घेणारं घर, ही मुलं नोंदीतून हमखास निसटतात. म्हणून ‘अर्ज’ म्हणायचाच असेल तर तो एवढाच: आपल्या भागातली आशाताई कोण ते शोधायचं आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता त्यांच्या वहीत लिहून घ्यायचा. ताईंचा पत्ता लागत नसेल तर उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला विचारा. शहरात असाल तर महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं नागरी आरोग्य केंद्र गाठा. अंगणवाडीसेविकाही सांगतील. मात्र सिरपचा साठा आरोग्य खात्याचा असतो आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे. त्यामुळे अंगणवाडीत बाटली नाही म्हणून योजना बंद झाली असं समजू नका.

कागदांपैकी कामाचं एकच, माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणात मिळालेलं, लसींच्या तारखा लिहिलेलं. त्यावरून वय कळतं, वजन कळतं आणि सिरपची नोंदही त्यातच करून घेता येते. कार्ड हरवलं असेल तर जन्मदाखला किंवा रुग्णालयातून सुटताना मिळालेला कागद दाखवून नवीन कार्ड मागा. बाळाचं आधार अजून निघालेलं नाही म्हणून कुणी बाटली द्यायला नकार दिला, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. सिरपसाठी तशी अट नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया किंवा रक्त कमी असणं, आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ५३.८ होता. म्हणजे हा फक्त गरिबाघरचा किंवा दुर्गम पाड्यावरचा प्रश्न नाही. जन्मताना बाळाच्या अंगात लोहाचा जो साठा असतो तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. पुढे वरचं अन्न सुरू होतं, तर आपण देतो मऊ भात, वरणाचं पाणी, दूध-बिस्किट. पोट भरतं, लोह मात्र जेमतेमच मिळतं.

डोस किती, कसा

बाटली ५० मिलिलिटरची. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर. या हिशेबाने एक बाटली पंचवीस आठवडे जाते, वर्षाला साधारण दोन. दोन वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत जा. आशाताई सुरुवातीला समोर बसून डोस देऊन दाखवतात, पुढचं काम घरच्यांचं.

बाटलीला १ मिलिलिटर मोजून देणारी नळी बसवलेली असते. चहाचा चमचा वापरू नका, त्यात चार-पाच पट औषध मावतं. बाटली हलवून घ्या, बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा आणि नळीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा. थेट घशात सोडलं की ठसका लागतो. जेवणानंतर द्या. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. थोड्या मोठ्या मुलाला सोबत मोसंबीची फोड किंवा लिंबू पिळलेली डाळ दिली तर उलट फायदाच. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

दुसऱ्याच दिवशी शी काळी होते आणि आजी बाटली कपाटात टाकते. हे इतक्या घरांत होतं की आधीच सांगून ठेवलेलं बरं. काळी शी म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दातांवर डाग दिसले तर डोसनंतर पाणी पाजा. कुणाला थोडी मळमळ होते, कुणाला शी कडक होते, आणि बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं.

बाटली मात्र उंचावर ठेवा. चव गोड असते, आणि मुलानं एकदम बरीच प्यायली तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते. तसं झालं तर उलट्यांची वाट न बघता बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठायचं.

कुणाला थांबायचं, कुणाला आधी विचारायचं

ताप, जुलाब, न्यूमोनिया असं काही चालू असेल तर मूल बरं होईपर्यंत डोस बंद. तीव्र कुपोषित मुलांचे उपचार वेगळ्या पद्धतीने होतात, त्यांना सिरप डॉक्टर सांगतील तेव्हाच. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या किंवा वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांना हे सिरप द्यायचं नाही, कारण त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठत असतं. नंदुरबार, गडचिरोली, पालघरसारख्या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न मोठा आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल तर मुलाची तपासणी आधी करून घ्या. अशा मुलांना फॉलिक अ‍ॅसिड लागतं, पण लोह द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सहा महिन्यांच्या आधीच लोह लागू शकतं, तेही विचारूनच.

आणखी एक गल्लत सर्रास होते. आठवड्यातून दोनदाचा डोस हा रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. ज्या मुलाचं रक्त आधीच कमी आहे, त्याला तेवढ्यानं भागत नाही. या वयात रक्ततपासणीत हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तीव्र. सौम्य आणि मध्यम रक्तक्षयात सिरप तेच, पण रोज, वजनाच्या हिशेबानं, दर किलोला ३ मिलिग्रॅम लोह. म्हणजे दहा किलोच्या मुलाला रोज दीड मिलिलिटर. हे दोन महिने चालतं, मध्ये पुन्हा तपासणी होते, आणि महिन्याभरात फरक दिसला नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवतात. ७ च्या खाली असेल तर सिरपवर थांबायचंच नाही, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचं. तपासणी मोफत होते. अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मूल हजर ठेवा. तळहात, नखं, डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग फिकट वाटत असेल तर पथकाची वाटही बघू नका.

जंताच्या गोळीचंही याच्याशी नातं आहे. अंकुशकृमी (हुकवर्म) नावाचे जंत आतड्यातून रक्त ओढतात, मग लोह कितीही द्या. राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. लहानांना ती चुरून पाण्यातून द्यायची.

पाच वर्षं पूर्ण झाली की सिरप थांबतं आणि गुलाबी गोळी सुरू होते. आठवड्यातून एक, ४५ मिलिग्रॅम लोहाची, दहा वर्षांचं होईपर्यंत. ती सरकारी आणि अनुदानित शाळांमधून मिळते. मूल शाळेत जात नसेल तर आशाताईंकडे आणि खासगी शाळेत असेल तर आरोग्य केंद्रात विचारा.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी निघण्यापूर्वी कार्ड आणि चालू बाटली दोन्ही सोबत घ्यावं. जिथे उतराल तिथल्या आशाताईंकडे नाव सांगा. मूळ गाव कुठलं यावरून सिरप अडत नाही.

राहिला साठा संपण्याचा प्रश्न. तो संपतो, कधी कधी बरेच आठवडे येत नाही. आधी आरोग्यसेविका, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तरी हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकारी. लेखी दिलं आणि पोच घेतली तर पाठपुरावा सोपा जातो. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही विचारता येतं. तोवर मेडिकलमधून बाटली आणणार असाल तर लेबल नीट वाचा. सिरपवर बहुधा दर ५ मिलिलिटरचं प्रमाण छापलेलं असतं, ड्रॉप्सवर दर एका मिलिलिटरचं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण डोस पार वेगळा होतो. तेव्हा लेबलचा फोटो आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना दाखवून किती द्यायचं ते विचारा, आणि मगच झाकण उघडा.