ऑनलाइन दुकानासाठी फायदेशीर विभाग कसा निवडावा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानाचे संकेतस्थळ तयार करून देण्यासाठी जे ग्राहक आमच्याकडे येतात, त्यांच्याशी रंगसंगती आणि मांडणीविषयी बोलण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : आपण कोणाला, काय आणि किती नफ्यावर विकणार आहात? संकेतस्थळ नंतरही बदलता येते, परंतु विक्रीचा विभाग, ज्याला या व्यवसायात ‘निश’ म्हटले जाते, एकदा ठरला की मालाचा साठा, पुरवठादार, वेष्टन, जाहिराती आणि परत येणारा माल या सगळ्यांचा खर्च त्याच्यामागोमाग ठरत जातो. चुकीच्या विभागात उत्तम दुकान उभारून देणे हे आमच्या दृष्टीने ग्राहकाचे पैसे वाया घालवणे आहे. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येकाच्या हाती देतो.

विभाग म्हणजे मालाचा प्रकार नव्हे

‘बूट’, ‘घरगुती वस्तू’ किंवा ‘लेखनसाहित्य’ ही मालाची वर्गवारी झाली. एखाद्या ठरावीक ग्राहकाची ठरावीक अडचण तिच्याशी जोडली जाते, तेव्हा विभाग तयार होतो. डावखुऱ्या माणसांसाठीची अवजारे हे याचे चांगले उदाहरण आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या सोयीने एकमेकांवर बसवलेली असतात. तीच कात्री डाव्या हातात धरली, तर कापण्याची रेघ वरच्या पात्याआड जाते आणि हाताच्या नैसर्गिक दाबाने पाती एकमेकांपासून दूर सरकतात, त्यामुळे कागद किंवा कापड कापले न जाता चुरगळते. डावखुऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या साधारण १० टक्के आहे. एका रस्त्यावरच्या दुकानाला एवढ्या ग्राहकांवर तग धरता येणार नाही, आणि सर्वसाधारण दुकानदारही अशा वस्तूंसाठी फळीवरची जागा अडवून ठेवत नाही. ऑनलाइन दुकान मात्र विखुरलेल्या ग्राहकांना एका जागी आणते. लहान विक्रेत्याला मोठ्या बाजारमंचांसमोर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकाच ठिकाणी विकणाऱ्या ॲमेझॉनसारख्या संकेतस्थळांसमोर, उभे राहण्याची संधी मिळते, ती मुख्यतः इथे.

या उदाहरणात आणखी एक गुण आहे. कात्री घेतलेल्या ग्राहकाला उजवीकडून आकडे सुरू होणारी पट्टी, उजव्या कडेला तारेची बांधणी असलेली वही, उलट्या धारेचे सोलणे अशा इतर वस्तूही लागू शकतात, कारण अडचण एकच आहे. एका ग्राहकाला एकाच वेळी तीन-चार वस्तू देता येतील असा विभाग आम्हाला नेहमीच अधिक आश्वासक वाटतो, आणि त्याचे कारण पुढील हिशेबात दिसेल.

एका ऑर्डरचा हिशेब

मागणी आहे की नाही, यावर लोक आठवडेच्या आठवडे विचार करतात; एका ऑर्डरमागे हातात काय उरते, हे मात्र फारच थोडे जण कागदावर मांडतात. आमच्या मते निवडीचा खरा कस इथेच लागतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा ही विनंती.

विक्रीची किंमत १०० धरू. त्यातून मालाची खरेदी ४०, पैसे स्वीकारण्याचे शुल्क ३, वेष्टन ४, कुरिअर १५ आणि परत येणाऱ्या मालासाठी तरतूद ६ असे ६८ गेले, म्हणजे ३२ उरले. आता जाहिरात पाहू. जाहिरातीवरच्या एका क्लिकला ०.५ खर्च येत असेल आणि दुकानात आलेल्या १०० जणांपैकी २ जण खरेदी करत असतील, तर एका ऑर्डरसाठी ५० क्लिक, म्हणजे २५ खर्च होतील. उरले ७. पगार, भाडे, कर आणि आपला स्वतःचा वेळ यांची भरपाई या ७ मधून व्हायची आहे. हेच १०० पैकी एकानेच खरेदी केली, तर जाहिरातीचा खर्च ५० होतो आणि प्रत्येक ऑर्डरमागे १८ चा तोटा होतो. विक्री जितकी वाढेल, तितका तोटाही वाढेल. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपले आकडे पुरवठादाराच्या आणि कुरिअरच्या प्रत्यक्ष दरपत्रकावरून घ्यावेत, अंदाजाने घेऊ नयेत.

आता त्याच हिशेबात किंमत ३० धरून पाहा. खरेदी त्याच प्रमाणात १२ वर येते, शुल्क सुमारे १ होते, परंतु वेष्टन ४ आणि कुरिअर १५ जिथल्या तिथे राहतात. परत येणाऱ्या मालाची तरतूद न धरताही एकूण ३२ झाले, म्हणजे जाहिरातीला हात लावण्यापूर्वीच २ चा तोटा. स्वस्त वस्तू सहज खपते हे खरे असले, तरी ती एकेकटी पाठवणे परवडत नाही; संच करून विकणे किंवा किमान खरेदीची अट ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत. एकाच अडचणीभोवती अनेक वस्तू असण्याचे महत्त्व वर सांगितले ते याचसाठी, कारण खोक्यात दुसरी वस्तू ठेवली तर कुरिअरचा खर्च दुप्पट होत नाही आणि जाहिरातीचा तर मुळीच वाढत नाही.

कुरिअरचा दर काढताना वस्तूचे आकारमानही मोजावे. पुष्कळ कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात आणि हे आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर दर लावतात. ६० × ४० × २० सेंटिमीटरच्या खोक्यातली उशी काट्यावर एक किलोच भरेल, पण तिचे आकारमानी वजन ९.६ किलो होते. हलक्या पण फुगीर वस्तूंचे अनेक विभाग या एकाच कारणाने आतबट्ट्याचे ठरतात.

मालाचे स्वरूप व्यवसाय कसे घडवते, याचे दाखले मोठ्या कंपन्यांच्या इतिहासातही आहेत. जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये ॲमेझॉनची स्थापना करताना विकता येतील अशा २० वस्तूंची यादी केली आणि त्यातून पुस्तके निवडली. पुस्तकांची लाखो शीर्षके उपलब्ध होती आणि ती सगळी ठेवणे कोणत्याही एका दुकानाला शक्य नव्हते. शिवाय पुस्तक नासत नाही, त्याला मापाचा प्रश्न नसतो, आणि कोणत्याही विक्रेत्याकडून घेतले तरी ते तेच असते. याउलट पाळीव प्राण्यांच्या सामानाची विक्री करणारी पेट्स डॉट कॉम ही अमेरिकी कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. खाद्याच्या जड गोण्या आणि त्याही खरेदीच्या किमतीखाली विकणे, हे तिच्या अपयशामागचे एक प्रमुख कारण होते. त्याच प्रकारचा माल घेऊन २०११ मध्ये सुरू झालेली च्युई ही कंपनी मात्र उभी राहिली, आणि ठरावीक काळाने आपोआप पाठवल्या जाणाऱ्या ऑर्डरींचा त्यात मोठा वाटा होता. माल तोच असला, तरी एका ग्राहकामागचा हिशेब निराळा होता.

ग्राहक पुन्हा येईल का?

संपणाऱ्या किंवा झिजणाऱ्या वस्तू, उदाहरणार्थ यंत्रांचे फिल्टर, दाढीची पाती, शाईच्या पुनर्भरणाच्या नळ्या, यांचा ग्राहक पुन्हा येतो, आणि दुसऱ्या वेळी त्याला आणण्यासाठी जाहिरातीचा खर्च जवळजवळ लागत नाही. अशा विभागात पहिल्या ऑर्डरवर फार नफा मिळाला नाही तरी चालू शकते. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही सवलत नाही. डावखुऱ्यांची चांगली कात्री एकदा घेतली की ग्राहक दीर्घकाळ दुसरी घेणार नाही, म्हणून तिथे पहिल्याच ऑर्डरमध्ये कमाई झाली पाहिजे. दोन्ही प्रकारचे विभाग फायदेशीर होऊ शकतात, परंतु आपला विभाग कोणत्या प्रकारचा आहे हे किंमत ठरवण्यापूर्वी माहीत असले पाहिजे.

मागणी आणि स्पर्धा यांची पाहणी

गूगल ट्रेंड्स हे साधन २००६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि ते जरूर वापरावे, पण त्यातल्या ० ते १०० या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो शोधांची संख्या दाखवत नाही. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च पातळीला १०० मानून बाकीच्या काळाची तुलना दाखवतो. त्यामुळे एका अत्यंत लहान विषयाचा आलेखही १०० पर्यंत पोहोचलेला दिसतो. एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा आलेख पाहावा, म्हणजे हंगामी चढउतार आणि क्षणिक लाट यांतला फरक कळतो. २०१७ च्या पूर्वार्धात बोटांवर फिरवण्याच्या फिजेट स्पिनर या खेळण्याची मागणी गगनाला भिडली आणि काही महिन्यांतच ओसरली. उशिरा साठा भरणाऱ्यांच्या गळ्यात माल पडला.

शोधासाठी वापरलेले शब्दही तपासावेत. ‘कात्रीला धार कशी लावावी’ असे शोधणाऱ्याला माहिती हवी असते, तर ‘डावखुऱ्यांसाठी शिवणकामाची कात्री’ असे शोधणारा बहुधा खरेदीच्या तयारीत असतो. दुसऱ्या प्रकारचे शोध संख्येने कमी असले, तरी दुकानाला तेच मोलाचे असतात.

‘या विभागात कोणीच नाही, म्हणून संधी आहे’ हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो आणि प्रत्येक वेळी ग्राहकाला थांबवतो. कोणीच नसण्याचे कारण पुष्कळदा मागणी नसणे किंवा खर्च न परवडणे हे असते. लहान, खास त्याच विषयाला वाहिलेली दोन-तीन दुकाने अनेक वर्षे चालू असतील, तर तिथे पैसे मिळतात याचा तो पुरावा आहे. शोधाच्या पहिल्या पानावर केवळ मोठे बाजारमंच असतील, तर मात्र वाट बिकट समजावी.

स्पर्धकांच्या मालाखालचे ग्राहकांचे अभिप्राय वाचण्याइतके फळ देणारे दुसरे काम आम्हाला ठाऊक नाही. पाच तारे देणारा खूश असतो आणि एक तारा देणारा बहुधा रागावलेला असतो. तीन तारे देणारा ग्राहक काय आवडले आणि काय खटकले हे तोलून सांगतो. असे शे-दोनशे अभिप्राय वाचून एकच तक्रार किती वेळा येते याची नोंद करावी, आणि ती ग्राहकांच्याच शब्दांत करावी, कारण पुढे वस्तूचे वर्णन लिहिताना तेच शब्द उपयोगी पडतात.

आवडीचा प्रश्न

‘ज्याची आवड आहे त्यातच व्यवसाय करा’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे. ग्राहकाच्या प्रश्नांना जाणकारीने उत्तर देता येणे, वाईट नमुना हातात घेताच ओळखता येणे, हे आवडीशिवाय कठीण जाते. परंतु आवड खर्चाचे आकडे बदलत नाही. हिशेबात बसणाऱ्या दोन-तीन विभागांपैकी एक निवडताना आवडीचा कौल जरूर घ्यावा. हिशेबाच्या आधी घेऊ नये.

कायदा आणि वाहतूक

सौंदर्यप्रसाधने, पोषणपूरके, खाद्यपदार्थ, लहान मुलांची खेळणी आणि वैद्यकीय उपकरणे यांना देशोदेशी वेगवेगळे परवाने, चाचण्या आणि लेबलाचे नियम लागू होतात. त्यांचा खर्च हिशेबात धरावा. बॅटरी असलेल्या वस्तूंच्या बाबतीत वाहतुकीची चौकशी आधी करावी, कारण सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास २०१६ पासून बंदी आहे. कपडे आणि पादत्राणे यांत माप न बसल्याने परत येणारा माल जास्त असतो, आणि परतीच्या प्रत्येक खोक्यामागे दोन्ही वेळचा वाहतूकखर्च विक्रेत्यावर पडू शकतो. पुरवठादार एकच असेल तर दुसरा शोधून ठेवावा.

लहान चाचणी

एवढे करूनही ग्राहक प्रत्यक्ष पैसे देईल की नाही, हे विकून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढे झॅपोस म्हणून प्रसिद्ध झालेल्या दुकानाच्या आरंभी, १९९९ मध्ये, निक स्विनमर्न यांनी बुटांच्या दुकानांतल्या बुटांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर लावली. ऑर्डर आली की ते बूट पूर्ण किमतीला विकत घेऊन ग्राहकाला पाठवत. त्यात नफा नव्हता, परंतु लोक पायात न घालता बूट विकत घेतील का, या प्रश्नाचे उत्तर साठा न भरता मिळाले.

आपल्यालाही थोडा माल, एक साधे पान आणि मर्यादित जाहिरात एवढ्यावर चाचणी करता येते. माल हातात नसताना ऑर्डर घेत असाल, तर पोहोचण्यास लागणारा काळ ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगावा. निकाल वाचताना घाई करू नये. खरेदी करणाऱ्यांचे खरे प्रमाण १ टक्का असले, तरी १०० जणांच्या चाचणीत दोन किंवा अधिक ऑर्डरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, म्हणजे केवळ योगायोगाने आपल्याला विभाग दुप्पट चांगला वाटू शकतो. १,००० जणांच्या चाचणीत २० ऑर्डरी आल्या, तर तो योगायोग असणे फार अवघड आहे. किती ऑर्डरी आल्या तर पुढे जायचे आणि किती आल्या तर थांबायचे, हे चाचणीपूर्वी लिहून ठेवावे.

पहिल्या भेटीला येताना

विभाग एकच ठरलेला असावा अशी आमची अट नाही. दोन किंवा तीन पर्याय असले तरी चालतील. प्रत्येक पर्यायासाठी एका ऑर्डरचा हिशेब, पुरवठादाराचे लेखी दरपत्रक आणि त्याने मागितलेले किमान नग, वेष्टनासह खोक्याची मापे व वजन, आणि अभिप्रायांतून काढलेल्या तक्रारींची यादी सोबत आणावी. शक्य असल्यास मालाचा एक नमुनाही आणावा. एखाद्या पर्यायाचा हिशेब जुळत नसेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगू, आणि त्या भेटीचे कोणतेही शुल्क घेणार नाही.