मात्रा पुनर्रचना

किरणोत्सर्ग किंवा विषारी द्रव्य एखाद्या माणसाच्या शरीरापर्यंत नेमके किती पोचले, हे घटना घडून गेल्यावर शोधून काढण्याच्या पद्धतीला मात्रा पुनर्रचना म्हणतात. किती जण आजारी पडले, किती दगावले, हे रुग्णालयांच्या आणि मृत्यूंच्या नोंदींतून कळते. पण कोणाला किती मात्रा बसली हे ठाऊक नसेल, तर ‘इतक्या मात्रेमागे इतका धोका’ असे गणित मांडताच येत नाही. आरोग्यधोका मोजण्याच्या कामातला सर्वांत अवघड टप्पा हाच, आणि बाधितांना न्याय मिळतो की नाही हेही बहुतेक वेळा इथेच ठरते.

किरणोत्सर्गाची शोषलेली मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. १ किलोग्रॅम ऊतीत १ जूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा १ ग्रे. किरणोत्सर्गाचे प्रकार वेगवेगळे असतात: तेवढ्याच ऊर्जेचे अल्फा कण गॅमा किरणांपेक्षा पेशींची जास्त हानी करतात, म्हणून त्यांच्या मात्रेला २० ने गुणतात. असा भार धरून आलेली मात्रा ‘सिव्हर्ट’मध्ये सांगतात.

या शास्त्राचा पाया हिरोशिमा आणि नागासाकी येथे घातला गेला. १९४७ मध्ये तेथे अमेरिकेच्या पुढाकाराने अणुबॉम्ब बाधित आयोग सुरू झाला. वाचलेल्यांना तपासायचे, पण उपचार करायचे नाहीत, हे त्याचे धोरण होते आणि त्याची सल तेथील लोकांच्या मनातून गेली नाही. १९७५ मध्ये आयोगाच्या जागी जपान व अमेरिका यांची संयुक्त संशोधन संस्था आली. १९५० च्या जनगणनेच्या आधारे निवडलेल्या सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या आयुष्याचा मागोवा तेव्हापासून घेतला जात आहे. त्यांपैकी सुमारे ९४ हजार जण स्फोटाच्या वेळी या शहरांत किंवा त्यांच्या परिसरात होते, बाकीचे तुलनेसाठी घेतलेले. जपानमधील कुटुंब-नोंदवहीच्या चोख पद्धतीमुळे कोण कधी आणि कशाने गेले हे कळत राहिले.

मात्रा मात्र कोणत्याच वहीत नव्हती. हिरोशिमात स्फोटकेंद्रापासून १ किलोमीटरवर उघड्यावर सुमारे ४ ग्रे मात्रा होती; २ किलोमीटरवर ती ०.०८ ग्रेपर्यंत घसरली होती. म्हणजे दर २०० मीटरला ती जवळपास निम्मी होत होती. एका गल्लीची चूक झाली तरी हिशेब कोलमडणार. म्हणून पाहणी करणारे नकाशा पुढ्यात ठेवून एकेकाला विचारत: ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला तुम्ही कुठे होता? घरात की अंगणात? उभे होता, बसला होता की आडवे झाला होता? तोंड कोणीकडे होते? मध्ये भिंत होती का, कशाची? ज्याने त्या सकाळी घरातली माणसे गमावली, त्याला ती सकाळ अशी वीत-वीत मोजून सांगावी लागली. पुढे छापल्या गेलेल्या प्रत्येक आकड्यामागे अशी एक बैठक आहे.

जपानी लाकडी घर किती किरण अडवते हे पाहण्यासाठी १९६२ मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात तशी घरे उभारून, ४६५ मीटर उंच मनोऱ्यावर उघडी अणुभट्टी टांगून मोजमापे घेण्यात आली. पडताळा दिला तो हिरोशिमा-नागासाकीतल्या घरांच्या कौलांनी आणि विटांनी. भाजलेल्या मातीतले क्वार्ट्झचे स्फटिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवले की ती मंद प्रकाशाच्या रूपाने सोडतात. त्या प्रकाशावरून कित्येक वर्षांपूर्वी त्या छपरावर पडलेली मात्रा काढता येते. आपल्याकडे क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ छातीशी मात्रा मोजणारा जो टीएलडी बॅज लावतात, तो याच गुणधर्मावर चालतो. फरक इतकाच की बॅज आधी लावलेला असतो आणि कौल मागाहून सापडते.

मात्रा काढण्याची गणिती पद्धत १९६५, १९८६ आणि २००२ मध्ये सुधारली गेली. १९८६ च्या फेरमांडणीत हिरोशिमातील न्यूट्रॉनची (स्फोटातून गॅमा किरणांबरोबर बाहेर पडलेल्या कणांची) मात्रा पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आली. माणसे तीच, आजार तेच, तरी धोक्याचे आकडे बदलले. वयाच्या तिशीत १ ग्रे मात्रा बसलेल्या माणसाला सत्तरीत गाठीचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने वाढते, हा आजचा अंदाज २००२ च्या मांडणीतून आला आहे. रक्ताच्या कर्करोगाचे चित्र अधिक ठळक आहे: ०.००५ ग्रेहून अधिक मात्रा बसलेल्या ४९,२०४ जणांमध्ये २००० सालापर्यंत त्याने झालेल्या २०४ मृत्यूंपैकी ९४ किरणोत्सर्गामुळे झाले असे मानले जाते. ०.१ ग्रेच्या खाली मात्र जादा आजार नेहमीच्या चढउतारात हरवतात.

या मांडणीत स्फोटानंतर किरणोत्सर्गी धूळ आणि काजळी घेऊन पडलेला ‘काळा पाऊस’ धरलेला नाही. त्यात भिजलेल्या ८४ जणांना बाधित म्हणून मान्यता द्यावी, असा निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला, घटनेनंतर ७६ वर्षांनी.

विषारी रसायनांबाबत माग काढणे आणखी कठीण, कारण बहुतेक द्रव्ये शरीरात टिकत नाहीत. जपानमधील मिनामाताचे उदाहरण म्हणूनच विलक्षण आहे. कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांत गेलेल्या मिथाइल पाऱ्याने तेथे अर्भके बाधित झाली. जपानी घरांत बाळाची सुकलेली नाळ छोट्या पेटीत जपतात. डॉ. मासाझुमी हाराडा आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा नाळा तपासून कोणत्या वर्षी गर्भाला किती पारा पोचला हे दाखवून दिले. आपल्याकडे नाळ पुरतात; तिथे ती पेटीत राहिली आणि आईच्या बाजूने साक्षीला उभी राहिली.

भोपाळमध्ये १९८४ साली असा पुरावा हाती नव्हता. हवेत किती वायू होता हे कोणी मोजले नव्हते. त्यामुळे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणावरून वस्त्यांचे तीव्र, मध्यम आणि सौम्य बाधित असे गट पाडले. नाइलाजाची ही वाट होती. पण तिच्यात एकाच गल्लीतली दार बंद करून बसलेली बाई आणि रस्त्यावर धावत सुटलेली बाई सारख्याच मोजल्या जातात.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तिथेही प्रश्न मात्रेचाच आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात, त्यामुळे त्याची पातळी मोजून बाधा ओळखता येते. पण निरोगी माणसांतही ही पातळी बरीच वेगवेगळी असते. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी, हंगामाच्या तोंडाशी, त्याच मजुराच्या रक्ताची एकदा नोंद करून ठेवावी लागते.