एका युनिटवर महासागर

धडधाकट, सरावातला माणूस तासन्‌तास वल्हं मारत राहिला, तर त्याच्या स्नायूंतून सलग सुमारे 100 वॅट ताकद मिळते. दिवसाचे बारा तास त्यानं असे काढले की हिशेब होतो 1.2 किलोवॅट-तास, म्हणजे लाइट बिलावरचं एक युनिट आणि वर थोडंसं. त्यासाठी त्याला दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी पोटात घालाव्या लागतात, कारण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी लावतात. उरलेली उष्णता होऊन जाते.

एवढ्या भांडवलावर माणसांनी महासागर ओलांडले आहेत. 1896 साली जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन हे दोन नॉर्वेजियन 18 फुटी उघड्या होडीतून न्यूयॉर्कहून निघाले आणि 55 दिवसांनी इंग्लंडच्या सिली बेटांवर पोचले. वाटेत होडी उलटली, बरंच अन्न समुद्रात गेलं, तरी पोचले. एर्देन एरुच या तुर्की वंशाच्या माणसानं तर 2007 ते 2012 या काळात एकट्यानं, फक्त स्वतःच्या हातापायांच्या जोरावर, पृथ्वीप्रदक्षिणा केली.

या माणसांच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या प्रवासांचे नकाशे नीट पाहिले की लक्षात येतं, दंडाच्या ताकदीचा वाटा त्यात लहानच आहे. समुद्र कुठल्या बाजूला आणि कधी चाललाय ते ओळखून त्याच्याबरोबर निघायचं, हे खरं मोठं काम.

आम्हां बडोदेकरांना याचा नमुना पाहायला फार लांब जायला नको. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला खंबातच्या आखाताकाठी स्तंभेश्वर महादेव आहे. बडोद्याहून जाणारी मंडळी आधी भरतीची वेळ विचारतात आणि मग दर्शनाचं ठरवतात. ओहोटीला पिंडीपर्यंत चालत जाता येतं, भरतीत ती पाण्याखाली असते. पाणी येतं तेव्हा आधी चिखलातल्या बारीक घळींमधून सरसरत आत शिरतं, घळी भरल्या की सपाटीवर पसरतं, आणि बघता बघता मघाशी जिथं पावलं उमटली होती तिथं गढूळ समुद्र असतो. आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं, उथळ होत गेलेलं आहे. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते उंच चढतं. भरती-ओहोटीतला फरक इथं 10 मीटरच्या घरात जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार. तिथी न पाहता इथं होडी लोटली तर कितीही दणकट माणूस वल्हं मारून जागच्या जागीच राहील. वेळ साधली तर तेच पाणी त्याला फुकट नेऊन पोचवेल.

महासागरात हेच गणित भरतीऐवजी वाऱ्यांवर आणि प्रवाहांवर चालतं. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून हवा धावते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पश्चिमेकडे वळते. हेच व्यापारी वारे. अफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरून कॅरिबियन बेटांकडे निघालं की वारा पाठीशी असतो, आणि पायाखालचा प्रवाहही साधारण अर्ध्या नॉटनं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) त्याच दिशेला सरकत असतो. म्हणजे माणूस नुसता झोपून राहिला तरी दिवसाला 12 सागरी मैल पुढे. प्रवास दोन महिन्यांचा धरला तर 2,600-2,700 सागरी मैलांतला पावहून जास्त हिस्सा असाच पदरात पडतो. हार्बो आणि सॅम्युएलसन उलट्या दिशेनं गेले ते उत्तरेकडून, कारण तिथं गल्फ स्ट्रीम हा प्रवाह आणि पश्चिमेकडून येणारे वारे युरोपकडेच ढकलतात.

आपल्या अरबी समुद्राचं वेळापत्रक आणखी स्पष्ट आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, पावसाळ्यात नैऋत्येकडून. खंबातची जहाजं शतकानुशतकं या वाऱ्यावर अरबस्तानाकडे जात आणि वारा फिरला की परतत. इंग्लंडचा जेसन लुईस 1994 ते 2007 या काळात मानवी ताकदीवर जगप्रदक्षिणा करत होता. त्याची ‘मोक्ष’ नावाची 26 फुटी लाकडी नाव होती, सायकलसारखी पायडल मारून पंखा फिरवणारी. ती त्यानं मुंबईहून जिबूतीकडे नेली ती 2007 सालचा पावसाळा सुरू व्हायच्या आधी. जूननंतर त्या बाजूला पायडल मारण्यात काही अर्थच उरला नसता. पायडल वापरण्यामागेही विचार आहे: शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांत असतात.

मग शीड का लावू नये? लावणारे लावतातच, आणि फरक प्रचंड पडतो. 15 नॉटचा वारा दहा चौरस मीटरच्या साध्या शिडात पाठीमागून भरला आणि नाव 5 नॉटनं चालली, तर ढोबळ हिशेबानं शीड सुमारे 500 वॅट देतं. पाच वल्हेकरी, रात्रंदिवस, आणि त्यांना जेवायलाही लागत नाही. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. वादळात शीड उतरवतात ते याच कारणानं. नावेला वेगानं पुढे रेटायला लागणारी ताकदही साधारण अशीच वाढते, म्हणून वल्हेकरी दुप्पट जोर लावून दुप्पट अंतर कधीच कापत नाही. दोन-अडीच नॉटवर शांतपणे चालत राहणं हेच त्याला परवडतं. वारा समोरून आला तर तो पाण्यात छत्रीसारखा नांगर सोडतो आणि केबिनमध्ये जाऊन बसतो.

आता पाणी. माझ्या मते खरी परीक्षा इथंच आहे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. माणसाचं मूत्रपिंड लिटरभर लघवीतून फार तर 20 ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर काढू शकतं. लिटरभर खारं पाणी प्यायलं तर ते मीठ काढायला पावणेदोन लिटर लघवी करावी लागेल. वरचं पाऊण लिटर शरीरानं कुठून आणायचं? पेशींतून. तहान लागलेला माणूस समुद्र पिऊन आणखी सुकतो तो असा.

1952 साली आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरनं हवा भरलेल्या रबरी होडीतून कॅनरी बेटं ते बार्बाडोस असा 65 दिवसांचा प्रवास केला. मासे पिळून काढलेला रस, पावसाचं पाणी आणि थोडंथोडं समुद्राचं पाणी यावर आपण जगलो, असं त्यानं सांगितलं. पोचला तेव्हा वजन 25 किलोंनी घटलं होतं. जर्मन डॉक्टर हान्स लिंडेमान यानं 1956 मध्ये शीड लावलेल्या घडीच्या कायाकमधून 72 दिवसांत अटलांटिक पार केला, आणि खारं पाणी पिणं घातकच आहे असं ठाम मत दिलं. वैद्यकशास्त्र आज लिंडेमानच्या बाजूनं आहे.

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मही नदीच्या मुखाशी लागलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तोही आपल्यासारखाच सस्तन प्राणी, तरी जन्मभर खाऱ्या पाण्यात. त्याचं मूत्रपिंड असंख्य छोट्या खंडांचं असतं आणि आपल्यापेक्षा दाट लघवी तयार करतं. शिवाय बरंचसं पाणी त्याला खाण्यातूनच मिळतं. सांगाड्यात मूत्रपिंड दिसत नाही, पण मुलांना तिथं नेलंत तर हे जरूर सांगा.

माणसानं यावर यंत्र काढलं. घरातला आरओ ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर, पण समुद्राच्या पाण्याचा परासरण दाबच (गोडं पाणी बारीक पडद्यातून खाऱ्याकडे ओढणारा दाब) वातावरणाच्या दाबाच्या 27 पट असतो. त्यावर मात करायला जवळजवळ दुप्पट, 55 पटींचा दाब द्यावा लागतो. एरवी हे काम सौर विजेवर होतं. वीज बंद पडली की हातपंप. तासभर हापसल्यावर चार-साडेचार लिटर गोडं पाणी येतं, आणि उन्हात वल्हं मारणाऱ्याला पिण्यासाठी आणि वाळवलेलं अन्न भिजवण्यासाठी आठ-दहा लिटर लागतं. दिवसाच्या त्या एका युनिटातले दोन तास असे नुसत्या तहानेवर जातात. त्यातलंच ओंजळभर पाणी बैठकीच्या जागेची कातडी पुसायला राखून ठेवावं लागतं. सुकलेल्या मिठाचे कण प्रत्येक वल्ह्यासरशी घासतात आणि फोड चिघळतात; कितीतरी वल्हेकरी यानंच हैराण होतात. राखीव पाण्याचे कॅन नावेच्या अगदी तळाशी ठेवतात. वजन खाली राहतं, आणि लाटेनं उलटी केलेली नाव पुन्हा सुलटी व्हायला त्याची मदत होते.

झोपेचंही गणित असतं. एकट्या शिडवाल्याचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर असतील, तर 20 मीटर उंचीचं मालवाहू जहाज त्याला स्वच्छ हवेत सुमारे 21 किलोमीटरवर पहिल्यांदा दिसू शकतं. ते 20 नॉटनं थेट अंगावर येत असेल तर 34 मिनिटांत पोचतं. म्हणून जहाजांच्या वाटांवर एकटे दर्यावर्दी वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतात, उठून चारही बाजूंचं क्षितिज पाहतात, आणि पुन्हा वीस मिनिटं झोपतात.