राख, ऊन आणि वेळ : डाग काढण्याच्या नैसर्गिक पद्धतींची पार्श्वभूमी

मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या उत्खननात मिळालेल्या एका मातीच्या पाटीवर धोबी आणि गिऱ्हाईक यांची बाचाबाची लिहून ठेवलेली आहे. पाटी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली. गिऱ्हाईक कपडा हवाली करतं आणि सूचना सुरू होतात: किनार अशी धर, यात भिजव, असं आपट, असं वाळव. शेवटी धोबी वैतागतो. असं बोलायची हिंमत फक्त सावकाराची नाहीतर करवसुली करणाऱ्याची, असं सुनावून तो म्हणतो, एवढं कळतंय तर तूच धू.

म्हणजे कपडा साफ करणं हे तेव्हाही अंगमेहनतीइतकंच जाणकारीचं काम होतं. कुठल्या डागाला काय लावायचं, किती वेळ ठेवायचं आणि कुठे थांबायचं, याचं गणित धोब्यापाशी होतं. आज ‘घरगुती उपाय’ म्हणून लिंबू, सोडा, व्हिनेगर सुचवलं जातं, ते याच जाणकारीचे सुटे तुकडे. तुकडे आपल्या हाती आले, पण त्यांच्या जोडीने लागणारा वेळ मात्र मागे राहिला.

साबणाआधी राख होती. लाकडाची राख पाण्यात कालवून निवळी काढली की त्यात पोटॅशियम कार्बोनेट उतरतं. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेतून सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा मिळतो. ‘अल्कली’, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, हा शब्दच मुळी अशा राखेच्या अरबी नावावरून, ‘अल-कली’वरून आला. हे पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण ते कातडीवरच्या तेलाचाच साबण करायला घेतं. कपड्यावरच्या तेलकट डागाचंही तेच होतं.

रोमन धोब्यांनी अल्कली मिळवली ती मात्र मूत्रातून. शिळ्या मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि अमोनिया चिकट मळ सोडवतो. मोठमोठ्या हौदांत कपडे घालून माणसं ते पायांनी तुडवत. पॉम्पेईत अशा धुलाईखान्यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. या मालाला इतकी मागणी होती की पहिल्या शतकात सम्राट व्हेस्पेशियनने त्यावर कर बसवला. मुलाने नाक मुरडलं, तेव्हा त्याने नाणं त्याच्या नाकाशी धरून वास येतो का, असं विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. नैसर्गिक पद्धत म्हटली की सुवासिक, सौम्य असं काहीतरी ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं, त्यांनी हा हौद लक्षात ठेवावा.

तेलाच्या डागावर मुलतानी मातीचा लेप हा उपायही तितकाच जुना. ही माती तेल विरघळवत नाही. तिचे अतिबारीक कण तेल आपल्या पृष्ठभागावर ओढून धरतात, आणि वाळल्यावर झटकलं की मातीबरोबर तेलही जातं.

पण या साऱ्या पद्धतींत मला सर्वांत विलक्षण वाटते ती गवतावरची धुलाई. सतराव्या-अठराव्या शतकात हॉलंडमधलं हार्लेम शहर यासाठी नावाजलेलं होतं. करड्या-तपकिरी लिननचे तागे आधी राखेच्या गरम पाण्यात मुरवत, मग धुऊन कुरणावर पसरत. दिवसचे दिवस ते उन्हात पडून असत आणि वाळू लागले की त्यांच्यावर पुन्हा पाणी शिंपडलं जाई. नंतर आंबट ताकात बुडी, पुन्हा धुणं, पुन्हा राखेचं पाणी, पुन्हा गवत. हे चक्र कित्येकदा फिरे आणि कापड पांढरं व्हायला महिनेच्या महिने लागत. ओलावा, हवेतला ऑक्सिजन आणि ऊन मिळून तिथे मंदगतीने ऑक्सिडीकरण चाले आणि रंगद्रव्याचे रेणू तुटत. ताकातलं लॅक्टिक आम्ल उरलेली अल्कली मारून टाके आणि खनिज क्षार सोडवून नेई. यातली एकही पायरी उगाच नव्हती.

हळदीचा डाग पाहिला तर हेच घरबसल्या दिसतं. साबण लागताच तो लालभडक होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. खळबळून धुतलं की परत पिवळा. आपण घाबरून आणखी घासतो, कापड झिजतं, डाग तिथेच. तोच कपडा ओला करून उन्हात टाकला की डाग फिकट होत जातो, कारण कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही. इथे कष्ट उन्हाचे, आपण फक्त वाट पाहायची.

ही वाट पाहणं कारखानदारीला परवडणारं नव्हतं. १७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होम यांनी ताकाऐवजी पातळ केलेलं गंधकाम्ल वापरता येतं हे दाखवलं आणि आम्लाची पायरी आठवड्यांवरून तासांवर आली. १७७४ मध्ये शेले यांना क्लोरीन सापडला. १७८५ मध्ये बर्तोले यांनी त्याने कापड पांढरं होतं हे दाखवून दिलं, आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरंजक चुन्याचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. जेमतेम अर्ध्या शतकात महिन्यांचं काम दिवसांवर आलं आणि कुरणं मोकळी झाली.

सोड्याचंही तसंच. १७९१ मध्ये निकोला लब्लां यांनी मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. राखेसाठी झाडं जाळायची गरज त्यामुळे घटली, पण कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडू लागला, भोवतालची झाडंझुडपं करपली, आणि ब्रिटनला १८६३ मध्ये त्यासाठी अल्कली कायदा करावा लागला. स्वच्छ कपड्यासाठी हवा घाण करण्याची ही सुरुवात.

पाण्याविना धुलाई, अर्थात ड्रायक्लीनिंग, हीदेखील एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकेत थॉमस जेनिंग्स यांना १८२१ मध्ये कपडे कोरडे साफ करण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं. पेटंट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन मानले जातात. १८३६ च्या आगीत पेटंट कार्यालयातले कागद जळाले आणि त्यांची कृती कायमची गेली. पुढे टर्पेंटाइन आणि पेट्रोलसारखे ज्वालाग्राही द्रव आले, मग न पेटणारं पर्क्लोरोएथिलीन. आगीची भीती गेली, पण ते भूजलात उतरतं आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला.

डिटर्जंटची कथा थोडक्यात. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा साबणाला कृत्रिम पर्याय शोधले गेले. १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड बाजारात आलं आणि साबणाची वडी मागे पडली. या नव्या रेणूंच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या जिवाणूंना तोडता येईनात, त्यामुळे १९५० च्या दशकात नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. जर्मनीने १९६१ मध्ये विघटनशील डिटर्जंटसाठी कायदा केला. पाण्याची कठीणता (फेस होऊ न देणारे क्षार) मारण्यासाठी घातलेल्या फॉस्फेटने तलावांत शेवाळ माजवलं, तो प्रश्न आणखी काही दशकं चालला. युरोपीय संघात घरगुती पावडरींतल्या फॉस्फेटवर मर्यादा आली ती थेट २०१३ मध्ये. ‘पर्यावरणस्नेही धुलाई’ हा शब्दप्रयोग या फेसातून वर आला आहे.

आणि तरी एक जुनी युक्ती कारखान्यातूनच परत आली. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवावा हे थोरामोठ्यांकडून सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मी एकदा घाईत तो कढत पाण्यात घातला. प्रथिनं थिजली आणि अंड्याचा पांढरा भाग तव्याला धरावा तसा डाग धाग्याला धरून बसला, तपकिरी आणि कायमचा. असा डाग पचवायलाच हवा. १९१३ मध्ये ओटो र्‍योम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरं, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम, कपडे धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. पुढे ही विकरं जिवाणूंकडून करून घेता येऊ लागली, आणि आज कमी तापमानाला डाग निघतात ते बरंचसं त्यांच्याच जोरावर. लाळेतही असंच पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर असतं. चित्रं आणि मूर्ती जपणारे तज्ज्ञ थुंकी लावलेल्या बोळ्याने धूळ का पुसतात, हे शोधणाऱ्या पोर्तुगीज संशोधकांना २०१८ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. पण विकरं नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी असंही नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकरांची कोरडी पूड हाताळणाऱ्या कामगारांना दमा होऊ लागला, तेव्हापासून ती दाणेदार आवरणात बांधून घालतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाची झाकली मूठ उघडायला गंजाचे आणि जुन्या लोहयुक्त शाईचे डाग पुरेसे आहेत. त्यांच्यासाठी पूर्वी ‘सॉल्ट ऑफ लेमन’ नावाची पूड मिळे. लिंबाशी तिचा काही संबंध नाही. ती आंबुशीच्या जातीच्या वनस्पतींत असणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाचा क्षार. लोह पकडण्यात पटाईत, आणि पोटात गेलं तर विष. लिंबाचा रस तेच काम सावकाश करतो. आज सर्रास सुचवलं जाणारं व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचं मिश्रण मात्र यात कुठेच बसत नाही: आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस छान येतो, आणि मागे बहुतांशी सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. जुन्या धोब्याने दोन्ही वापरली असती, पण एकामागून एक, मध्ये धुऊन.

लोकर आणि रेशीम स्वतःच प्रथिनं असल्याने प्रथिनं पचवणारी विकरं आणि तीव्र अल्कली त्यांनाही खातात. तिथे रिठा अजून कामाचा आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला ‘सॅपिंडस’ म्हटलं, म्हणजे भारतीय साबण. त्याच्या सालीतली सॅपोनिनं सौम्य फेस करतात आणि धाग्याला धक्का लावत नाहीत. पण हीच सॅपोनिनं माशांच्या कल्ल्यांना घातक असतात, इतकी की याच कुळातल्या झाडांची फळं ठेचून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत अमेरिका खंडात होती. म्हणून रिठ्याचं उरलेलं पाणी मातीत जिरू द्यावं, तळ्यात ओतू नये.