ऑपरेशनच्या संध्याकाळचं पित्त

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला सकाळी दहाला झालं. दुपारी ती घरी पोहोचली. दिवेलागणीला भुवईच्या वर ठणका सुरू झाला आणि पाठोपाठ उलटी. सकाळपासून पोटात काही नाही, वरून प्रवास, तेव्हा पित्तच झालं असणार, असं घरात सगळ्यांचं ठरलं. कोकम सरबत झालं, आलेपाक झाला. ‘दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय’ असं ती म्हणाली, तेव्हा मामांनी गाडी काढली.

हॉस्पिटलात डोळ्याचा दाब मोजला तर 38 निघाला. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब.

हा दाब येतो कुठून? डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात स्वच्छ पाणी असतं, जेमतेम पाव मिलिलिटर. बाहुलीच्या पडद्यामागे ते मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाच्या विसाव्या भागाएवढं, तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. पावणेदोन तासांत कप्प्यातलं सगळं पाणी बदलतं. जाळी तुंबली तरी पाणी तयार व्हायचं थांबत नाही, म्हणून दाब चढतो.

ऑपरेशनच्या दिवशी ही जाळी बहुतेकदा जेलमुळे तुंबते. मोतीबिंदू फोडून काढताना बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला धक्का लागू नये, म्हणून सर्जन कप्प्यात पारदर्शक, चिकट जेल भरतात. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ एन्द्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यातून हायलुरॉनिक आम्ल शुद्ध करून ते डोळ्यात वापरण्याजोगं केलं. आपल्याकडे मिथाइलसेल्युलोजचं जेलही सर्रास वापरतात. ही जेलं नसती तर आजचं फेको, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन, इतकं सुरक्षित झालंच नसतं, असं मला मनापासून वाटतं. शेवटी जेल धुऊन काढतात, पण लेन्सच्या मागे, कोपऱ्यात थोडं राहू शकतं. ते हळूहळू जाळीत जाऊन बसतं आणि पाण्याची वाट अडवतं. म्हणूनच दाब ऑपरेशन संपताक्षणी चढत नाही. तो सहसा चार-सहा तासांनी चढतो, म्हणजे पेशंट घरी पोहोचल्यावर. सुरुवातीच्या तास-दोन तासांत तर बारीक छेदातून पाणी झिरपून तो उलट कमीही असू शकतो.

नाशिकला पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गंगेवरचे, म्हणजे गोदाकाठचे, दुकानदार माल हलवू लागतात. डोळ्यातलं पाणी मात्र असं बाहेरून दिसत नाही. भुवईवरचा ठणका, मळमळ, धुरकट नजर आणि दिव्याभोवतीचं कडं, खुणा एवढ्याच. डोळा आणि डोकं यांची वेदना एकाच नसेतून जाते, त्यामुळे दुखणं ‘डोळ्याचं’ वाटतच नाही.

बहुतेकांचा चढलेला दाब एका दिवसात आपोआप उतरतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस निरोगी असली तर तो सोसते. काचबिंदूने आधीच अशक्त झालेल्या या नसेला मात्र काही तासांचा दाबही महागात पडू शकतो. म्हणून काचबिंदू असला किंवा घरात कोणाला असला, तर ते ऑपरेशनआधीच सांगायला हवं. ऑपरेशननंतर घालायच्या स्टेरॉइडच्या ड्रॉप्सने चढणारा दाब निराळा. तो सहसा दोन-तीन आठवड्यांनी, काही न दुखता चढतो. मेडिकलमधून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणून घालत राहणं मला फार धोक्याचं वाटतं.

डॉक्टरांनी भूल देणारा थेंब टाकून मावशीच्या बाजूच्या छेदातून पाण्याचे एक-दोन थेंब सोडले. ठणका तिथल्या तिथे गेला. पण जेल आत असेपर्यंत दाब तासा-दोन तासांत पुन्हा चढू शकतो, म्हणून गोळी दिली, बसवून ठेवलं आणि दोनदा मोजलं. रात्री बारा वाजता 19 आला, तेव्हा घरी सोडलं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी फाइलवर पहिल्याच पानावर लाल पेनाने ‘38’ लिहिलेलं होतं. मावशी ती रात्र पंचवटीत नणंदेकडे राहिली.